भुसावळला राहतो, नाताळच्या भेटवस्तू ऑनलाइन मागवू की दुकानातून घेऊ?

दोन्ही करा, पण तारीख बघून. खेळणी, पुस्तकं १५ डिसेंबरच्या आत ऑनलाइन मागवा. गेल्या वर्षी माझ्या भाचीची बाहुली २७ तारखेला उगवली, तोवर केक संपून डबाही घासून झाला होता! कपडे मात्र जळगावच्या फुले मार्केटमधूनच घ्या. हात लावून बघता येतं, घासाघीस करता येते, आणि माप चुकलं तर ओळखीचा दुकानदार कुरकुरत का होईना, बदलून देतो. ऑनलाइन घेताना परतीची अट आधी वाचा, पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. वस्तू फुटकी निघाली तर त्या साइटच्या तक्रार अधिकाऱ्याला कळवा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच द्यायला हवी. नाहीच दाद दिली, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.