तारकर्लीच्या रिसॉर्टला तीन स्विच कशाला, एकावर व्हीलॅन करा

तुम्ही विचारलंय की गेस्टचं वायफाय, सीसीटीव्ही आणि काउंटरचं बिलिंग एकाच साध्या नेटवर्क स्विचवर (सगळ्या केबल जोडायचा डबा) आहे, गेस्टच्या मोबाईलवर बिलिंगचा प्रिंटर दिसतो, तर तीन वेगळे स्विच घ्यायचे का. नको. मॅनेज्ड स्विच, म्हणजे ज्याच्या सेटिंग बदलता येतात असा, एकच घ्या आणि त्यावर व्हीलॅन करा, म्हणजे एकाच स्विचचे आतून वेगळे ग्रुप पाडा.

साध्या स्विचवर एखाद्या मशीनने प्रिंटर शोधायला हाक मारली की ती सगळ्या पोर्टवर (केबलच्या खाचांवर) जाते, त्यालाच ब्रॉडकास्ट म्हणतात. व्हीलॅन केला की हाक त्या ग्रुपपुरतीच राहते. आणि ग्रुप जागेवरून ठरत नाही हे नीट लक्षात घ्या, गेटवरचा कॅमेरा आणि मागच्या कॉटेजचा कॅमेरा दोन टोकांना असले तरी एका ग्रुपात, आणि बिलिंगला चिकटून टांगलेला गेस्टचा अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय देणारा डबा, मात्र दुसऱ्या.

व्हीलॅनचे नंबर 1 ते 4094 मधले चालतात, पण 1 डिफॉल्ट असतो तो सोडा. गेस्ट 10, कॅमेरे 20, बिलिंग 30 असं करा. कॅमेरा, पीसी, प्रिंटरचे पोर्ट अ‍ॅक्सेस, म्हणजे एकाच ग्रुपचे, त्यांना टॅग (ग्रुपच्या नंबराची खूण) कळायची गरज नाही. राउटरकडे जाणारा पोर्ट ट्रंक, म्हणजे सगळ्या ग्रुपांचा, तिथे प्रत्येक फ्रेमला (डेटाच्या तुकड्याला) 802.1क्यू या स्टँडर्डचा 4 बाइटचा टॅग लागतो म्हणून एका केबलवरून तिन्ही ग्रुप जातात. स्टाफचं आणि गेस्टचं वायफाय एकाच अ‍ॅक्सेस पॉइंटवर असेल तर तोही ट्रंकवर. वाटेत कुणी साधा पाच पोर्टचा स्विच टाकला असेल तर तो आधी काढा, त्याला हे ग्रुप कळत नाहीत.

आता खरी गोष्ट, इथेच लोक फसतात. तिन्ही व्हीलॅनना वेगळी आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) रेंज दिली तरी बरेच राउटर त्यांच्यामधला ट्रॅफिक आपणहून जाऊ देतात, म्हणजे व्हीलॅन करूनही गेस्ट बिलिंगपर्यंत पोचतोच. फायरवॉलमध्ये (कोण कुठे जाऊ शकतो ते ठरवणारी सेटिंग) रूल टाकायलाच हवा, गेस्टला फक्त इंटरनेट, 20 आणि 30 बंद. कॅमेऱ्यांना बाहेरचं नेट देऊच नका, मालक मुंबईहून बघणार असतील तर व्हीपीएन, म्हणजे बाहेरून आत यायची सुरक्षित वाट, लावा. आणि गेस्ट गेस्ट एकमेकांना दिसतात ते व्हीलॅनने थांबत नाही, त्यासाठी अ‍ॅक्सेस पॉइंटवर क्लायंट आयसोलेशन चालू करा.

झालं की गेस्ट वायफायवरून प्रिंटरचा आयपी पिंग करून (त्याला हाक मारून) बघा, उत्तर आलं नाही पाहिजे. कॉन्फिगचा बॅकअप पेनड्राइव्हवर ठेवा, मे-जूनच्या विजांत आपल्याकडे स्विच जळतात आणि तेव्हा नेमके पर्यटक असतात.