पोलिसांची ‘रेड’ आणि रस्त्याचा ‘रोड’ यांचा काही संबंध आहे का?

आहे, आणि अगदी सख्खा. जुन्या इंग्रजीत ‘राड’ म्हणजे घोड्यावरून जाणं. दक्षिणेकडच्या बोलींत त्यातल्या ‘आ’चा ‘ओ’ झाला आणि ‘रोड’ तयार झाला. उत्तरेत, म्हणजे स्कॉटलंडच्या बाजूला, तसं झालं नाही. तिथे ‘रेड’ उरला. इंग्लंड-स्कॉटलंड सीमेवर घोडेस्वार टोळ्या गुरं पळवायला यायच्या, त्या धाडीला हा शब्द चिकटला. गंमत म्हणजे ‘रोड’लाही एकेकाळी हल्ला हा अर्थ होता, ‘इनरोड’मध्ये (म्हणजे दुसऱ्याच्या हद्दीत घुसणं) तो अजून शिल्लक आहे. ‘वाट’ हा अर्थ सोळाव्या शतकाच्या अखेरीचा. पुढे ‘रेड’ मागे पडला, तो एकोणिसाव्या शतकात स्कॉटिश लेखक वॉल्टर स्कॉटच्या लेखनामुळे पुन्हा रुळला. आपल्या ‘स्वारी’चा प्रवासही असाच, घोड्यावर बसण्यापासून मोहिमेपर्यंत.

‘रेड’ मराठीत आणताना एकच शब्द सगळीकडे चालत नाही. पोलीस किंवा आयकर खात्याची असेल तर छापा किंवा धाड, विमानांची असेल तर हवाई हल्ला, कबड्डीतली ३० सेकंदांची असेल तर चढाई. फ्रिजवरची असेल तर सरळ डल्ला!

इंग्रजीत लिहिताना हमखास होणारी चूक: ‘पोलीस रेडेड ऑन द हॉटेल’. क्रियापदाला ‘ऑन’ लागत नाही, ‘रेडेड द हॉटेल’ एवढंच. नाम असेल तर मात्र लागतं: ‘अ रेड ऑन द हॉटेल’.

हार्ड डिस्कच्या ‘रेड’चा (अनेक डिस्क एकत्र जोडून वापरण्याची पद्धत) याच्याशी काही संबंध नाही, ती त्या पद्धतीच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं आहेत.