“मॅडम, वजन अडकलंय. आता आणखी काय बंद करू?”

शरीरसौष्ठव स्पर्धेची तयारी करणाऱ्या मुली माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा प्रत्येकीची तक्रार वेगळी असते. झोप लागत नाही, आईशी रोज भांडण होतं, कामात लक्ष राहत नाही. तासाभराच्या बोलण्यात मात्र वरचा प्रश्न हमखास येतो. मुलगी सांगलीची असो, मिरजेची, तासगावची की विट्याची, कुठलंही औषध न घेता पहिल्यांदा स्टेजवर उतरायची तिची तयारी असेल, तर आठव्या-नवव्या आठवड्यात ती हेच विचारते. म्हणून एकदा सविस्तर लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि दोघी-तिघींचे अनुभव एकत्र केले आहेत.

तिला प्राजक्ता म्हणू. वय 27, कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अकाउंट्स बघते. उंची 158 सेंटिमीटर, तयारी सुरू केली तेव्हा वजन 58 किलो. स्पर्धेतला तिचा गट ‘बिकिनी’. कोचने 12 आठवड्यांचा तक्ता दिला होता आणि 50 किलोचं लक्ष्य. आली तेव्हा नववा आठवडा चालू होता, वजन 52.4 वर थांबलेलं. सोबत आई. आईच आधी बोलली, “जेवायचं सोडलंय हो हिनं. ताटावर बसली की वजनकाटा घेऊन बसती.”

मी विचारलं, “आत्तापर्यंत काय काय बंद केलंस?”

तिने बोटांवर मोजत सांगितलं. आधी साखर आणि भात. मग दूध, केळी. मग तूप, शेंगदाणे. रविवारचं मटण. गेल्या आठवड्यात भाकरी. आता उकडलेल्या अंड्यांचं पांढरं, चिकन, काकडी आणि व्हे प्रोटीनची पावडर. दिवसाला 1050 कॅलरी. व्यायाम सकाळी 70 मिनिटं वजनांचा, संध्याकाळी 80 मिनिटं कार्डिओ.

तिने पर्समधून वही काढली. अकाउंट्सवालीची वही, लाल शाईने आखलेली. तारीख, सकाळचं वजन, रात्रीचं वजन, पावलं, पाणी किती लिटर. वजन दोन दशांश स्थळांपर्यंत. पानं उलटत मी म्हटलं, “यात पाळीची तारीख कुठे आहे?”

“ती... दोन महिने आली नाही. बरंच झालं की मॅडम, तेवढा त्रास वाचला.”

तिच्या वहीत पावलांना रकाना होता, पाळीला नव्हता. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकींच्या नोंदींत हीच जागा रिकामी सापडते. म्हणून आता वजन किती हे मी नंतर विचारते, शेवटची पाळी कधी आली ते आधी.

यावर मी भाषण दिलं नाही. माझा विश्वास असा की माणूस दुसऱ्याचा सल्ला टाळू शकतो, स्वतः काढलेला आकडा टाळणं त्याला अवघड जातं. कोरा कागद तिच्यापुढे सरकवला आणि हिशेब मांडायला सांगितला. दिवसभरात खाल्लेल्या कॅलरी 1050. त्यातून व्यायामात जळलेल्या अंदाजे 600 वजा कर. उरल्या 450. आता चरबी सोडून तुझं वजन किती? सुरुवातीला चरबी साधारण 26 टक्के होती, म्हणजे बाकीचं शरीर 43 किलो. आज 42 धरू. 450 भागिले 42.

“10.7,” ती म्हणाली.

“हा आकडा, म्हणजे चरबी सोडून शरीराच्या दर किलोमागे उरणाऱ्या कॅलरी, 45 च्या आसपास असेल तर शरीराचं सगळं काम नीट चालतं. तो बरेच दिवस 30 च्या खाली राहिला की शरीर काटकसर सुरू करतं, आणि पहिली कात्री बहुधा पाळीला लागते.”

ती कागदाकडे बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “एवढ्या शिलकीत तर आमचा कारखाना आठवडाभर चालायचा नाही.” आणि रडली. हिशेब बरोबर होता आणि तो तिचा तिनेच मांडला होता, त्यामुळे वाद घालायला समोर कुणी उरलं नाही. असा क्षण आला की मी मध्ये बोलत नाही. पाण्याचा ग्लासही लगेच पुढे करत नाही.

30 ही काही काळ्या दगडावरची रेघ नव्हे. कुणाची पाळी त्याआधी बिघडते, कुणाची नंतर. पण अन्न आणि श्रम यांच्यातल्या या तुटीचे परिणाम इतके ठरलेले आहेत की आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 मध्ये त्याला ‘रेड-एस’ (खेळातली सापेक्ष ऊर्जा-कमतरता) असं नाव दिलं. इस्ट्रोजेन घसरतं, हाडं ठिसूळ व्हायला लागतात, थंडी वाजते, केस गळतात, दुखापत भरून येत नाही. पाळी थांबणं म्हणजे तयारी जोरात चालल्याची खूण, असं जिममध्ये कुणी सांगत असेल तर ते साफ चूक आहे. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर दर महिन्याला रक्तस्राव दिसतो आणि बिघाड झाकला जातो, हेही लक्षात ठेवा.

प्राजक्ताला मी मिरजेला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. आधी गर्भधारणा नाही याची खात्री, मग थायरॉइड, प्रोलॅक्टिन, इस्ट्रोजेन आणि संबंधित हार्मोन्स, फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा, ड जीवनसत्त्व यांच्या तपासण्या. हे काम समुपदेशकाचं नाही आणि कोचचं तर नाहीच.

मग वजन का अडकलं? खाणं इतकं कमी झालं की दिवसभरातली हालचाल नकळत घटते. प्राजक्ता ऑफिसात खुर्चीवरून उठेनाशी झाली होती. ताण आणि अपुरी झोप यांनी शरीर पाणी धरतं, त्यामुळे चरबी घटली तरी काटा तिथेच राहतो. पाळी नियमित असेल तर ती येण्याआधीच्या आठवड्यात पाण्यामुळेच किलोभर वजन वाढू शकतं. म्हणून आजचं वजन कालच्या वजनाशी ताडून काही कळत नाही. सात दिवसांची सरासरी काढा, आणि ती मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याच्या सरासरीशी ताडून बघा.

पुढच्या भेटीत खरी गाठ लागली. मी विचारलं, “या तारखेला उतरली नाहीस तर?”

“उतरायलाच हवं, मॅडम. सगळ्यांना सांगून बसलेय.”

“सगळे म्हणजे कोण कोण? नावं लिही.”

चार नावं झाली. कोच, जिममधल्या दोघी, आणि आत्या, जिने दोन तुकड्यांच्या पोशाखावरून घर डोक्यावर घेतलं होतं. त्या आत्याला हरवायचं म्हणून ही भाकरी सोडून बसली होती. स्टेजवर उतरण्याची इच्छा सुंदरच आहे, पण तिने त्या इच्छेची अट करून टाकली होती: याच तारखेला, याच वजनाला, नाहीतर मी कुचकामी. अट घातली की शरीराच्या कुठल्याही तक्रारीला उत्तर एकच उरतं, आणखी काहीतरी बंद करणं. हा विचार सुटा करून समोर ठेवणं, हे माझ्या कामाचं मर्म आहे. आहाराचा तक्ता बदलणं त्यानंतर सोपं जातं.

तिने तारीख सोडली, त्या हंगामाची दुसरी स्पर्धाही सोडली. आहारतज्ज्ञांनी खाणं टप्प्याटप्प्याने 2000 कॅलरींपर्यंत नेलं, कार्डिओ आठवड्यातून तीनदा अर्ध्या तासावर आणला. भाकरी परत आली त्या आठवड्यात वजन 900 ग्रॅमने वाढलं आणि तिचा घाबऱ्याघाबऱ्या फोन आला. स्नायूंत साठणाऱ्या प्रत्येक ग्रॅम पिष्टाबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी जातं, हे तिला आधीच सांगितलेलं असल्यामुळे ती सावरली. आईशी बोलताना मी ‘डाएट’ हा शब्द टाळला आणि ‘खुराक’ म्हटलं. कुस्तीच्या या मुलखात खुराकाशिवाय अंग घडत नाही हे कुणाला समजवावं लागत नाही. पैलवानाचा खुराक असतो तसा मुलीचाही, एवढंच आईला पटायचं होतं. पाळी चौथ्या महिन्यात परतली. नवी तयारी त्यानंतरच सुरू झाली.

ती कशी आखली ते सांगते, कारण चूक बहुतेक वेळा इथेच होते. आधी तारीख धरून वजन त्यात कोंबू नका. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का घट, म्हणजे 58 किलोला 290 ते 580 ग्रॅम. आठ किलो उतरवायचे तर 400 ग्रॅमच्या चालीने 20 आठवडे, आजारपण आणि लग्नसराई धरून 24. प्रथिनं किलोमागे दोन ग्रॅमच्या आसपास; अख्ख्या अंड्यात सहा ग्रॅम, 50 ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत 26. तेल-तूप-शेंगदाणे पूर्ण बंद करू नयेत, निदान 20 टक्के कॅलरी स्निग्धातून याव्यात. शेवटचे आठ आठवडे रोज पंधरा मिनिटं पोझिंगचा सराव, स्पर्धेच्याच उंच टाचांच्या सँडलवर, मोबाइलवर चित्रण करून. पोझ धरताना श्वास रोखला की मान आखडते आणि ते थेट चेहऱ्यावर दिसतं.

आणि आपल्या गटाचे निकष संयोजकांकडून नीट समजून घ्या. बिकिनी गटात फार सुकलेलं, रेषारेषा उमटलेलं शरीर गुण कमी करतं; खांदे-कंबर-नितंबांची बांधणी, चाल, टवटवीतपणा यांना मान असतो. प्राजक्ता जे शेवटचे दोन किलो उतरवण्यासाठी जिवाचं रान करत होती, ते तिच्या गटात कुणी मागितलेच नव्हते.

शेवटच्या आठवड्यात पाणी आणि मीठ तोडायचा सल्ला मिळेल. घेऊ नका. स्नायूंचा तीन चतुर्थांश भाग पाणीच आहे, ते काढलं की स्नायू सपाट दिसतात. लघवीच्या गोळ्यांनी पोटॅशियम बिघडून हृदयाचे ठोके चुकू शकतात, शिवाय त्या ‘वाडा’ या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या प्रतिबंधित यादीत आहेत. चरबी जाळायला म्हणून दिलं जाणारं क्लेनब्युटेरॉल आणि ऑक्झँड्रोलोन हे स्टेरॉइडही त्याच यादीत. “मुलींना चालतं, हलकं असतं” म्हणून देणाऱ्यापासून लांब राहा. ऑक्झँड्रोलोनसारख्या स्टेरॉइडने जाड झालेला आवाज गोळी थांबवल्यावरही परत येईलच असं नाही. सुट्या डब्यातून मिळणाऱ्या बिननावाच्या फॅट बर्नरमध्ये काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

स्पर्धेनंतरचे बारा आठवडे तयारीतच धरा, तक्त्यावर लिहूनच. स्टेजवरचं शरीर टिकवायचं नसतं. पहिल्या काही आठवड्यांत दोन-चार किलो वाढणारच, आणि ती वाढ प्रकृतीची गरज आहे. भूक पोट भरल्यावरही शमत नाही, म्हणून स्पर्धेच्या रात्रीचं जेवण आणि त्यानंतरच्या सोमवारचा डबा आधीच ठरवून ठेवा. पेढ्यांचा बॉक्स घरी येणार असेल तर तो सगळ्यांत वाटायचा. चोरून खाणं, खाऊन उलटी काढणं, जुलाबाच्या गोळ्या घेणं यातलं काहीही सुरू झालं तर मनोविकारतज्ज्ञांकडे लगेच जा. आणि स्पर्धेनंतर तीन महिन्यांत पाळी आली नाही, तर पुढच्या स्पर्धेचा अर्ज भरण्याआधी स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ घ्या.