गणित-विज्ञानाचे शिक्षक घडवायची जबाबदारी नवीनच मिळालीय? मग आधी एवढं करा

मॅडम, छान काम मिळालंय तुम्हाला, घाबरू नका. पहिल्या वर्षी फक्त तीन गोष्टी बघा.

१) पोरं बीएस्सीच्या पहिल्या वर्षालाच गाठा. सगळे तिसऱ्या वर्षी जाहिरात लावतात, तोवर हुशार पोरं एमएस्सी नाहीतर एमपीएससीच्या मागे लागलेली असतात. तुम्ही स्वतः वर्गात जाऊन बोला, नोटीस बोर्ड कोणी वाचत नाही.

२) लगेच शाळेत न्या. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात 1997 ला यूटीच (गणित-विज्ञानाचे शिक्षक घडवायचा कार्यक्रम) सुरू झालं, तिथे पहिल्याच छोट्या कोर्समध्ये विद्यार्थी प्राथमिक शाळेत जाऊन धडा घेतात, थिअरी नंतर, आणि शिकवणं आपल्याला जमतंय का, आवडतंय का हे त्यांना तिथेच कळतं. आपल्याकडे जवळची झेडपीची शाळा आहेच की.

३) सोबत शाळेत वर्षानुवर्षं शिकवलेला माणूस हवाच, नुसते पीएचडीवाले नकोत. शाळेतलं पोरगं १/२ + १/३ = २/५ लिहितं तेव्हा आपला विद्यार्थी लगेच खोडून बरोबर उत्तर लिहून देतो. अनुभवी बाई म्हणतात थांब, आधी विचार त्याला कसं काढलंस, मग कळतं की पोराने वरचे वर आणि खालचे खाली मिळवलेत, आता अर्धी भाकरी नि तिसरा हिस्सा कागदावर काढून दाखवला की त्यालाच दिसतं २/५ तर अर्ध्याहूनही कमी आहे!!

आणि एक चूक टाळा, पाठ टाचणाच्या रकान्यांवर मार्क देत बसू नका, वर्गात काय घडलं त्यावर बोला. टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा), टेट (भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी), शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल हे सगळं दुसऱ्या वर्षी बघू, आत्ता त्यात शिरू नका. शाळेच्या मुख्याध्यापकांना मात्र याच आठवड्यात भेटा.