आधी काटा, मग कंपनी

प्रिय लेकी,
अनेक आशीर्वाद.

शेतकरी उत्पादक कंपनीसाठी बारा जणांची कागदपत्रं जमली, हे वाचून फार बरं वाटलं. कायद्याला दहा उत्पादक पुरतात. शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच. हे मोठ्या खातेदारांना आत्ताच सांगून टाक, म्हणजे पुढं रुसवे-फुगवे नकोत.

नोंदणी सीए करून देईल. त्यानंतर ऑफिस, बोर्ड, खुर्च्या यांत पैसा घालू नकोस. आधी इलेक्ट्रॉनिक काटा, ओलावा मोजायचं यंत्र आणि चाळणी घे. खेडा खरेदीवाला दाणा दाताखाली धरतो, ‘ओलं हाय’ म्हणतो आणि पोत्यामागं किलो-दोन किलो कापून घेतो. शेतकरी मान खाली घालतो, कारण त्याच्याकडं आकडा नसतो. हमीभाव केंद्रावर सोयाबीनचा ओलावा 12 टक्क्यांच्या आत लागतो. तो गावातच मोजला, ताडपत्रीवर माल वाळवून चाळला, तर केंद्रावरून ट्रॅक्टर माघारी येत नाही. चाळण्याची मजुरीही गावातल्याच बायामाणसांना मिळते.

खरी अडचण मात्र भावाची कमी आणि निकडीची जास्त आहे. मळणी होते तेव्हाच दिवाळी येते, दुकानदाराची उधारी आणि रब्बीचं बियाणं दारात उभं राहतं. आपला माणूस पडत्या भावात विकतो. 2025-26 चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये असला तरी केंद्रावर नंबर लागेपर्यंत त्याला थांबता येत नाही. त्याला थांबता यावं, एवढ्यासाठी तुझी कंपनी हवी.

माल गोदामात ठेवून त्यावर कर्ज देणारी कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना 1990-91 पासून आहे, तरी कितीतरी लोक तिच्या वाटेला जात नाहीत. समज, बाजार समितीच्या गोदामात दहा क्विंटल सोयाबीन ठेवलं आणि किंमत 4,000 च्या भावानं धरली. 75 टक्के कर्ज म्हणजे 30,000 रुपये. 6 टक्क्यांनी सहा महिन्यांचं व्याज 900 रुपये. क्विंटलमागं 90 रुपये पडले. वाहतूक, हमाली वेगळी. एकट्याच्या दहा क्विंटलसाठी टेम्पो परवडत नाही, चौघांचा माल एकत्र केला की परवडतो. ती जुळवाजुळव तू कर. पण ‘भाव वाढेलच’ असा शब्द कुणाला देऊ नकोस. हिशेब मांड, ठरवू दे ज्याचं त्याला.

उन्हाळ्यात घरच्या सोयाबीन बियाण्याची उगवण तपासायला लाव. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, सत्तरच्या वर उगवले तर पेरायला हरकत नाही. विकतच्या पिशवीचा खर्च वाचला, तर तेवढी उचल कमी होते.

आपल्याकडं सहकारानं शाळा-कॉलेजं उभी केली आणि काही कारखाने बुडालेलेही लोकांनी पाहिलेत. म्हणून लोक संशय घेतील. रागावू नकोस. रोजची खरेदी, वजन, कपात, दिलेले पैसे फळ्यावर लिही. वर्षाअखेर नफा उरला तर ज्यानं जेवढा माल घातला त्या मापात बोनस दे.

पहिली सभा मारुतीच्या पारावर ठेवू नकोस, तिथं बायका बसत नाहीत. शाळेत ठेव, संध्याकाळचा स्वयंपाक उरकल्यावर. तारीख कळव, मी येतो.

तुझा,
काका