बोटीवरची हत्यारं आणि स्पेअर पार्ट कसे लावावेत, काय ठेवावं आणि काय काढून टाकावं?

तुम्ही लिहिलंय की ३४ फुटी शिडाची बोट जुन्यात घेतली, आधीच्या मालकाने सगळी हत्यारं आणि स्पेअर तशीच सोडली, आता जो लॉकर उघडावा त्यातून गंजलेले पाने, अर्धवट वापरलेल्या सीलंटच्या ट्यूबा आणि कशाचे ते न कळणारे पार्ट निघतात, वर दोन जुने अल्टरनेटर, तर हे आवरायचं कसं. मी स्वतः बोटीवरच राहतो, इंजिन आणि वायरिंगची बहुतेक कामं हातानेच करतो आणि हा विषय माझ्या फार जवळचा आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

पहिली गोष्ट, डबे आत्ता विकत घेऊ नका. सगळे तेच करतात, आधी छान छान डबे आणायचे आणि मग सामान त्यांच्यात कोंबायचं. बोटीचे लॉकर तळाच्या वक्राप्रमाणे तिरके असतात, चौकोनी डबा ठेवला की मागे मोठी पोकळी वाया जाते आणि बऱ्याचदा तर डबा लॉकरच्या तोंडातूनच आत जात नाही. डबे सगळ्यात शेवटी, लॉकरचं तोंड मोजून.

कोरडं ऊन असलेला एक दिवस बघा, ताडपत्री अंथरा आणि सगळे लॉकर एकाच दिवशी रिकामे करा. एकेक लॉकर आवरत बसलात तर एका लॉकरचं सामान दुसऱ्यात जातं एवढंच होतं. सगळं एकत्र पडलं की मग कळतं की १३ चे पाने चार आहेत आणि १७ चा एकही नाही, होज क्लिप चाळीस आहेत पण एक्झॉस्टच्या होजला बसेल अशी एकही नाही.

आता काय फेकायचं. उघडलेली पॉलियुरेथेन सीलंटची ट्यूब बिनदिक्कत फेका, हवेतल्या ओलाव्याने ती आतून कडक होत जाते आणि नेमक्या गरजेच्या वेळी दाबली की मागून फुटते. रेझिनच्या आणि हार्डनरच्या तारीख गेलेल्या बाटल्या (या साध्या कचऱ्यात किंवा पाण्यात नाही, धोकादायक कचरा घेतात तिथेच द्यायच्या), चिरा गेलेले बेल्ट, दाबल्यावर कडक लागणारे होज, साध्या लोखंडाचे स्क्रू, गंजून जाम झालेल्या पकडी. पार्टचा नंबर घेऊन इंजिनाच्या पार्टबुकमध्ये शोधा, अनेकदा आधीच्या इंजिनाचे फिल्टर नवं इंजिन बसल्यावरही वर्षानुवर्षं तसेच पडून असतात आणि लोकांना वाटतं आपल्याकडे स्पेअर आहे. स्पेअर आहे असं वाटणं आणि तो बसतच नाही हे समुद्रात कळणं यापेक्षा स्पेअर नाही हे आधीच माहीत असलेलं बरं, निदान माणूस मागवून तरी ठेवतो.

पण एक कळकळीची विनंती, जे ओळखू येत नाही ते पहिल्याच दिवशी फेकू नका. भंगार पाइपचा वाकवलेला तुकडा वाटतो तो कदाचित तुमचा इमर्जन्सी टिलर असेल, म्हणजे स्टिअरिंगची केबल तुटली तर थेट सुकाणूच्या दांड्यावर बसवायचा हात. तो सुकाणूवर खरंच बसवून बघा, चाक आडवं येतं का, फिरवायला जागा आहे का. तसंच विंडलास (नांगर ओढायचं यंत्र) हाताने फिरवायचा दांडा, सीकॉकचं, म्हणजे बोटीच्या तळातल्या पाण्याच्या भोकावरच्या व्हॉल्व्हचं, सुटलेलं हँडल, शाफ्टचं कपलिंग काढायचा पुलर, या सगळ्या वस्तू दिसायला भंगारासारख्या असतात. न ओळखता आलेल्या सगळ्यांचा एक ढीग करा, फोटो काढा, त्याच मॉडेलची बोट असलेल्या कुणाला तरी दाखवा, मग ठरवा. आणि जे ‘कधीतरी लागेल’ या नावाखाली उरतं ते एका क्रेटमध्ये भरून किनाऱ्यावर ठेवा, एक हंगाम गेला आणि आठवणही झाली नाही की देऊन टाका.

मग लावायचं कसं, तर माझ्या मते इथेच बहुतेक लोक चुकीच्या दिशेने जातात. घरातल्या किंवा गॅरेजमधल्या सवयीने सगळे पाने एका जागी, सगळे स्क्रू एका जागी, सगळे फिल्टर एका जागी असं लावतात. दिसायला छान. पण बोटीवर काम येतं ते रात्री, बोट हेलकावे खात असताना, एका हाताने कशाला तरी धरून. अशा वेळी पाच लॉकर उघडून पाच वस्तू गोळा करणं होत नाही. म्हणून जी कामं तातडीची असतात त्यांची प्रत्येकी एक पिशवी करा आणि त्या कामाला लागणारं सगळं, हत्यारासकट, त्याच पिशवीत. एखादा स्क्रूड्रायव्हर दोनदा घ्यावा लागला तर घ्या, जे चार १३ चे पाने निघाले ना ते इथेच कामाला येतात.

इम्पेलरची पिशवी कशी असते ते सविस्तर सांगतो म्हणजे बाकीच्यांचा अंदाज येईल. इंजिन थंड करायला समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपात रबराचा इम्पेलर असतो, पाणी बंद झालं की तो कोरडा फिरून मिनिटभरात सुद्धा खराब होऊ शकतो, त्याची पाती तुटतात आणि तुकडे पुढे हीट एक्सचेंजरकडे जाऊन पाण्याची वाट अडवतात. तर पिशवीत नवा इम्पेलर, झाकणाचं गॅस्केट किंवा ओ-रिंग, झाकणाचे जास्तीचे स्क्रू, त्यांना नीट बसणारा स्क्रूड्रायव्हर, इम्पेलर ओढायचा पुलर, तुटलेली पाती बाहेर काढायला लांब चोचीची पकड, थोडं ग्लिसरीन (पेट्रोलियमचं ग्रीस नको, रबर फुगतं) आणि एक स्वच्छ फडकं. फडकं पंपाच्या खाली अंथरायला, कारण ते स्क्रू बारीक असतात आणि हातातून निसटले की थेट बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळातल्या पाणी साचणाऱ्या खोलगट जागेत, आणि ते बहुतेक पितळेचे किंवा स्टेनलेसचे असल्याने मॅग्नेटला चिकटत नाहीत, मॅग्नेट घेऊन शोधत बसण्यात अर्थ नाही. सोबत एक कार्ड, त्यावर: आधी सीकॉक बंद, पंप कुठल्या दिशेने फिरतो, जुन्या इम्पेलरची पाती मोजा आणि जितकी कमी भरली तितके तुकडे शोधा, सुरू करण्याआधी सीकॉक उघडा. आपल्याला सगळं पाठ असतं हो, पण तुम्हाला उलट्या होत असतील आणि काम दुसऱ्या कुणाला करावं लागलं तर ते कार्ड लागतं.

डिझेलची पिशवी पण अशीच, प्रायमरी (टाकीनंतरचा पहिला) आणि सेकंडरी (इंजिनावरचा) दोन्ही फिल्टर, त्यांच्या रिंगा, ब्लीड स्क्रूला (डिझेलमधली हवा काढायच्या स्क्रूला) लागणारा नेमका पाना, तांब्याचे वॉशर, ग्लोव्हज, डिझेल शोषणारे पॅड, आणि हवा कुठल्या क्रमाने काढायची ते कार्ड. प्रायमरी जास्तच ठेवा, कारण टाकीच्या तळाची घाण लाटांनी ढवळून वर आली की एक फिल्टर पुरत नाही. वायरिंगच्या पिशवीत मल्टिमीटर आणि त्याची बॅटरी, फ्यूज, कथील चढवलेली तांब्याची वायर, गोंदवालं हीट श्रिंक (गरम केलं की आवळणारी नळी), क्रिम्प टर्मिनल (वायरच्या टोकाला दाबून बसवायचे). टर्मिनलचे रंग मापाप्रमाणे असतात, लाल साधारण ०.५ ते १.५, निळा १.५ ते २.५ आणि पिवळा ४ ते ६ चौरस मिलिमीटरच्या वायरला, ते रंग मिसळू देऊ नका.

याच्याही वर अशा थोड्या वस्तू ज्या पिशवीतही नकोत. लाकडी बुच, म्हणजे सीकॉक तुटला तर भोक बंद करायच्या निमुळत्या खुंट्या, प्रत्येक सीकॉकला त्याच्या मापाचं एक बुच दोरीने तिथल्या तिथे बांधलेलं हवं. दोर-तारा कापायचा मोठा बोल्ट कटर किंवा हॅकसॉ, डोलकाठी पडली तर तारा कापून ती सोडावी लागते नाहीतर तीच बोटीच्या अंगाला भोकं पाडते, तो पायऱ्यांपाशी, काहीही न हलवता हाताला येईल असा. बाकी सगळं, म्हणजे कधीतरी निवांत नांगरावर करायची कामं, ती मात्र प्रकारानुसार लावा, तिथे काही घाई नसते.

आता जागा. जड सामान खाली आणि बोटीच्या मधोमध. टोकाला ठेवलेल्या वजनाचा पुढे-मागे डोलण्यावर होणारा परिणाम अंतराच्या वर्गाने वाढतो, म्हणजे मध्यापासून दुप्पट लांब ठेवलं की चौपट, त्यामुळे हत्यारांची जड पेटी अगदी पुढच्या लॉकरमध्ये असेल तर पुढचं टोक लाटेत जास्त आपटतं. कॉकपिटच्या मागच्या लॉकरमध्ये बघा, अनेक बोटींत तिथेच स्टिअरिंगच्या केबल आणि क्वाड्रंट (सुकाणूच्या दांड्यावरचा, केबल बसतात तो भाग) असतात, तिथे सुटी पेटी किंवा एखादी दोरीची गुंडाळी सरकून अडकली तर सुकाणूच जाम. तिथे फळी लावून वेगळा भाग केल्याशिवाय काहीही सुटं ठेवू नका.

आणखी एक, जे फार जणांच्या लक्षात येत नाही. ऑटोपायलटचा फ्लक्सगेट कंपास (त्याला दिशा सांगणारा इलेक्ट्रॉनिक होकायंत्र) बऱ्याचदा खाली कुठल्यातरी लॉकरच्या आत भिंतीला बसवलेला असतो, छोटा डबा, त्याला एक केबल. त्याच्या शेजारी लोखंडी पाने किंवा मॅग्नेटची पट्टी ठेवली की त्याचं वाचन चुकतं आणि पायलट वेड्यासारखा भलत्याच दिशेला बोट नेतो, मग लोक पायलट दुरुस्त करायला बसतात. आवराआवर करण्याआधी तो कुठे आहे ते शोधून ठेवा आणि त्याच्यापासून निदान मीटरभर तरी लोखंड लांब ठेवा. भिंतीवरच्या मॅग्नेटच्या पट्ट्या दिसायला सुंदर असतात पण बोटीवर मला त्या अजिबात पटत नाहीत, एकतर कंपास आणि दुसरं म्हणजे एका दणक्यात पाने खाली.

गंजाबद्दल. मीठ लागलेलं हत्यार कधी पूर्ण वाळतच नाही, कारण हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतूनच पाणी ओढून घेतं, आणि बोटीवर रात्री आर्द्रता तेवढी असतेच. म्हणून नुसतं पुसून ठेवू नका, गोड्या पाण्याने धुवा, वाळवा, तेलाचा हलका हात फिरवा, मग ठेवा. कॅनव्हासचे रोल खडखड करत नाहीत म्हणून लोकांना आवडतात, पण तेच कापड एकदा खारं झालं की ओलं फडकं गुंडाळून ठेवल्यासारखंच. रबरी सीलचे डबे चांगले, फक्त भरायचे कोरड्या दिवशी, नाहीतर दमट हवाच आत कोंडली जाते, सोबत सिलिका जेल आणि बेअरिंग वगैरेंना गंजरोधक व्हीसीआय कागद. पुठ्ठ्याची खोकी एकही आत नेऊ नका, ओल धरतात, झुरळांची अंडी येतात, आणि लगदा होऊन बिल्ज पंपाच्या जाळीत बसतात. पंप बंद पडायला एक सुटलेलं कागदी लेबल सुद्धा पुरतं.

केमिकलचं थोडक्यात, पण हे गंभीरपणे घ्या. पॉलिएस्टर रेझिनचा हार्डनर हा पेरॉक्साइड असतो, तो अ‍ॅक्सिलरेटरच्या (रेझिन लवकर घट्ट करणाऱ्या रसायनाच्या) शेजारी अजिबात नको, दोन्ही थेट मिसळले तर स्फोट होऊ शकतो. जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून ठेवली तर आपोआप पेट घेतात. कॉर्डलेस हत्यारांच्या बॅटऱ्या सुट्या नटबोल्टांबरोबर नकोत.

शेवटी यादी. डावीकडचे लॉकर पुढून मागे डा-१, डा-२, उजवीकडचे उ-१, उ-२, झाकणाच्या आतल्या बाजूला नंबर लिहा. यादीत वस्तू, पार्ट नंबर, लॉकर, नग आणि एक्सपायरी, बस, यापेक्षा जास्त रकाने केले की कुणी भरत नाही. फोनमध्ये ठेवा आणि एक छापील प्रत चार्ट टेबलवर. पिशवीतल्या चिठ्ठ्या पेन्सिलने लिहा, ओलाव्यात शाई पसरते, पेन्सिल नाही. सगळं लावून झालं की बोटीवरच्या दुसऱ्या कुणाला तरी अंधारात डोक्यावर टॉर्च लावून इम्पेलरची पिशवी आणायला सांगा. तुम्हाला न विचारता सापडली नाही तर जागा किंवा लेबल बदला.

राहिले तुमचे दोन अल्टरनेटर. आधी हाताने शाफ्ट फिरवा, खरखरत किंवा अडकत असेल तर तो गेला. मग इंजिनापाशी नेऊन ब्रॅकेटची भोकं जुळतात का, पुलीची खाच त्याच बेल्टची आहे का आणि बेल्ट सरळ रेषेत येतो का ते बघा, रेग्युलेटर (चार्जिंग काबूत ठेवणारा भाग) आतला आहे की बाहेरचा ते आत्ताच्या वायरिंगशी ताडून बघा. जो बसतो तो दुकानात बेंचवर चार्ज देतो का तपासून घ्या, वायरींची टोकं कुठे जातात त्याची चिठ्ठी बांधा, व्हीसीआय कागदात गुंडाळा आणि योग्य मापाच्या बेल्टसकट खाली मधल्या लॉकरमध्ये. दुसरा उतरवा, तेवढं लोखंड आणि तांबं उगाच फिरवायला नको.