सेकंड हँड पोलो डिझेल खेड्यात रोज वापरायला घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की दारव्ह्याजवळच्या खेड्यातून शाळेत जाणं-येणं रोज ४० किमी, २०१५ ची फोक्सवॅगन पोलो १.५ डिझेल मिळतेय, ९२ हजार चाललेली, आणि घरचे म्हणतात मारुतीच घ्या. सर, मी कारंजा लाडकडचा, कृषी केंद्र आहे, हेच इंजिन असलेली पोलो सहा वर्षांपासून रोज चालवतो. माझं मत विचाराल तर घ्या, पण तुमच्या गावाचे शेवटचे दोन-तीन किलोमीटर कसे आहेत ते आधी पहा. डांबरी रस्त्यावर या गाडीला नाव ठेवायला जागा नाही, पण आपल्या काळ्या मातीच्या पांदणीत पावसाळ्यात हिचं काम नाही. खालून उंची १६५ मिमीच्या आसपास, आणि चार माणसं बसली की तेवढीही राहत नाही. आमच्या शेताच्या रस्त्यावर मोरीपाशी दगड लागून माझं ऑइल चेंबर फुटलं होतं, मीटरवर लाल दिवा दिसला तसं तिथंच इंजिन बंद केलं म्हणून इंजिन वाचलं, अजून अर्धा किलोमीटर रेटली असती तर गेलंच होतं. तेव्हा गाडी घेतली की पहिल्या आठवड्यात खालून लोखंडी गार्ड मारून घ्या.

मग घ्या काहून म्हणतो? एक तर मजबुती. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने, म्हणजे गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेने, भारतातली पोलो आदळून पाहिली तर बिनएअरबॅगवालीला शून्य स्टार आणि दोन एअरबॅगवालीला चार स्टार मिळाले, त्यानंतर कंपनीने सगळ्याच मॉडेलला दोन एअरबॅग देणं सुरू केलं. तुमची २०१५ ची म्हणजे त्यानंतरची, हे चांगलं आहे. कोणी २०१२-१३ ची स्वस्तात देतो म्हणाला तर एअरबॅग आहेत का ते पाहिल्याशिवाय हात लावू नका. रात्री आपल्या रस्त्यावर बिनलाइटची ट्रॅक्टर-ट्रॉली कापूस भरून उभी असते, रोही (नीलगाय) आडवा येतो, तिथं हे सगळं लय महत्त्वाचं वाटते मला. आणि दुसरं म्हणजे इंजिन, ९० पीएसचं आहे, २००० आरपीएमच्या वर गेलं की जे ओढते ना, ओव्हरटेकला भीती राहत नाही. त्याच्या खाली मात्र सुस्त आहे, बाजारात गिअर सारखा बदलावा लागतो, क्लचही थोडा जड, आठ-दहा दिवसांत पायाला सवय होते. मला १८ च्या आसपास मायलेज मिळतं, तुमचं शाळेचं रनिंग वर्षाला ८-९ हजार होईल म्हणजे साधारण ५०० लिटर डिझेल धरा. सुरुवातीला एक गंमत होईल, इंडिकेटरची दांडी डाव्या हाताला आहे, मारुतीची सवय असली तर वळताना वायपर सुरू होतो.

आता सामानाचं. पोलो २०२२ ला बंद झाली म्हणून लोक घाबरवतात. पण ही गाडी पुण्याजवळ चाकणलाच बनायची आणि व्हेंटो, स्कोडाची रॅपिड याच घरातल्या, बरंच सामान सारखं आहे, त्यामुळे मिळते. फक्त मारुतीसारखं लगेच कारंज्यात मिळत नाही, आमचा मिस्त्री म्हणतो तसं, "भाऊ, गाडी मजबूत हाय, पण सामान सांगून आनावं लागते." तुमची रोजची शाळा आहे, गाडी चार दिवस उभी राहिली तर घरी दुसरं काही वाहन आहे का हे बघा.

डिझेल कॅनमधलं कधीच टाकू नका. ट्रॅक्टरसाठी आणलेलं ड्रममधलं पण नाही. या इंजिनात कॉमन रेल आहे, म्हणजे डिझेल खूप दाबाने मारलं जाते, त्याच्या इंजेक्टरला पाणी-कचरा चालत नाही आणि इंजेक्टरचा खर्च ऐकून झोप जाते. दिल्लीतल्या दहा वर्षांच्या डिझेलबंदीचं ऐकून कोणी भाव पाडत असेल किंवा घाबरवत असेल तर तो नियम तिकडचा, दिल्ली परिसराचा, आपल्याकडे आरसी १५ वर्षांची, म्हणजे ही २०३० पर्यंत चालेल आणि पुढे फिटनेस करून रिन्यू होते.

बघायला जाल तेव्हा पहिलं विचारा टायमिंग बेल्ट कधी बदलला. बिल दाखवलं तर ठीक, नाही तर बदललाच नाही असं धरून तेवढे पैसे भावातून कमी करा, कारण बेल्ट तुटला की वॉल्व्ह पिस्टनला धडकतात आणि अख्खं इंजिन खोलावं लागते. २०१५ मध्ये फोक्सवॅगनचं चाचणीत धूर कमी दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचं प्रकरण झालं, तेव्हा भारतातल्या सव्वातीन लाखांच्या आसपास डिझेल गाड्या कंपनीने परत बोलावल्या होत्या, त्यात १.५ पण होती, ते अपडेट झालं का हे सर्विस रेकॉर्डवर पहा. टायरवर चार आकडे असतात, २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. इतके जुने टायर असतील तर उन्हाळ्यात समृद्धी महामार्गावर नेऊच नका, ४५ डिग्रीत काँक्रीटवर शंभरच्या स्पीडने टायर फुटला तर एअरबॅगवरही भरवसा नाही. बोनेट उघडून वायरिंग कुरतडलेलं आहे का ते पण पहा, घरात कापूस भरलेला असला की उंदीर इंजिनात घर करतात.

तुम्ही शेवटी आईंना घेऊन बसायचं लिहिलंय, तिथं मला थोडी शंका आहे. मागे जागा कमी आहे आणि सीट खाली असल्यामुळे गुडघे दुखणाऱ्या माणसाला उठायला त्रास होतो, माझी आई पुढेच बसते. टोकन द्यायच्या आधी आईंना सोबत न्या, मागच्या सीटवर बसवून तुमच्या गावाच्या खराब रस्त्यावरून एक चक्कर मारा, आणि त्या उतरल्यावर काय म्हणतात ते ऐकून मग पैशाचं बोला.